पात्र नको, काम द्या: मुलांना नाटक आणि मिळून काम करणं शिकवणारं 'हरवले-सापडले' कार्यालय

मुलांना सांगा, "चला, ऑफिस-ऑफिस खेळू," आणि काय होतं ते बघा. एक जण खुर्ची पटकावून साहेब होतो. हुकूम सोडतो, ओरडतो, कुणाला तरी कामावरून काढून टाकतो. दोघं-तिघं "हो साहेब, नाही साहेब" करतात आणि उरलेली मुलं भिंतीला टेकून बसतात. मी पहिल्या कार्यशाळेत मोठ्या हौसेनं 'व्यवस्थापक' अशी भूमिका ठेवली होती. दहा मिनिटांत त्या मुलानं सगळ्यांना घरी पाठवलं आणि खेळच संपला. चूक त्याची नव्हती, माझी होती. मी त्याला पात्र दिलं, काम दिलंच नाही. पात्र म्हटलं की मुलं बाहेरचं उचलतात: आवाज, चाल, रुबाब. हातात काम आलं की लक्ष कामावर जातं. ते काम दुसऱ्याच्या हातून पुढे सरकणार असेल, तर लक्ष त्या दुसऱ्याकडेही जातं. समोरच्याकडे खरोखर लक्ष देणं हा अभिनयाचा पाया आहे आणि मिळून काम करण्याचाही. म्हणून या दोन गोष्टी मी वेगवेगळ्या शिकवत नाही.

ही वाट मी शोधलेली नाही. डोरोथी हीथकोट (१९२६–२०११) या इंग्लंडमधल्या नाट्यशिक्षिका. चौदाव्या वर्षी शाळा सोडून त्या लोकरीच्या गिरणीत मागावर काम करायला लागल्या, मग नाटक शिकल्या आणि पुढे न्यूकॅसलला कितीतरी वर्षं शिक्षक घडवत राहिल्या. 'मँटल ऑफ द एक्सपर्ट' ही त्यांची पद्धत, म्हणजे जाणकाराची शाल मुलांच्या खांद्यावर घालणं. मुलं एखाद्या कामातली जाणती माणसं आहेत असं धरून चालायचं. बाहेरून कुणीतरी त्यांच्यावर काम सोपवतं आणि शिक्षक त्यांना शिकवण्याऐवजी त्यांचा सल्ला घेतो. खेळताना मूल जणू स्वतःपेक्षा डोकंभर उंच होतं, असं रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी १९३३ सालच्या एका व्याख्यानात म्हटलं होतं. मुलांवर असा विश्वास टाकला की ती उंची डोळ्यांना दिसते.

खाली दिलेला आराखडा ८ ते ११ वयाच्या साधारण २० मुलांसाठी आहे. प्रत्येकी सव्वा तासाची चार सत्रं लागतात.

पहिली पायरी: कामाची जागा निवडणं

कुठलीही कामाची जागा चालत नाही. डॉक्टर-डॉक्टर मुलांना आवडतं, पण त्यात सगळं डॉक्टरच करतो आणि रुग्ण नुसता पडून राहतो. संगणकासमोर बसायचं कार्यालय तर त्याहून वाईट, कारण तिथे कुणाचं काय चाललंय हे दिसतच नाही. जागा निवडताना मी तीन गोष्टी बघतो. एकच काम चार-पाच हातांतून जातं का? हातांना खरोखर काही करायला मिळतं का? आणि बाहेरून माणसं गरज घेऊन येतात का? तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. दारात कुणीतरी अडचणीत उभं आहे, एवढ्यावरून नाटक सुरू होतं.

वर्तमानपत्राची रात्रपाळी, टपालाची छाननी, दुरुस्तीचं वर्कशॉप, आपत्कालीन मदतीचा नियंत्रण कक्ष या जागा चांगल्या आहेत. माझी सगळ्यात आवडती जागा मात्र प्रवाशांच्या हरवलेल्या वस्तू परत करणारं 'हरवले-सापडले' कार्यालय. तिथली प्रत्येक वस्तू कुणाची तरी असते, आणि ती परत घ्यायला येणारा माणूस काळजीत असतो. मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही, कारण काहीतरी हरवण्याचा अनुभव प्रत्येकाकडे असतो.

दुसरी पायरी: कामं अशी वाटा की एकट्याला पुरी करताच येऊ नयेत

बहुतेक ठिकाणी इथेच गडबड होते. 'गटानं काम करा' असं सांगून गट होत नाही. एकाला सगळं माहीत असेल तर तोच सगळं करणार. म्हणून माहिती तोडून वाटायची.

चार मुलं खिडकीवर. आलेल्या माणसाशी बोलायचं काम त्यांचं, पण वस्तू त्यांना दिसत नाहीत. चार जण भांडारात, पडद्यामागे. वस्तू त्यांच्या ताब्यात, पण माणूस त्यांना दिसत नाही. चार जण नोंदवहीवर. त्यांना ना माणूस दिसतो ना वस्तू. कुठली वस्तू कधी, कुठे सापडली आणि तिचा क्रमांक काय, एवढं फक्त त्यांनाच ठाऊक. तीन निरोपे चिठ्ठ्या आणि वस्तू इकडून तिकडे नेतात. कामावर असताना ते बोलत नाहीत. उरलेली पाच मुलं म्हणजे वस्तू हरवलेली माणसं.

साहेब कुणीच नाही. हे ठाम ठेवा. मुलं हमखास विचारतात, "मग आमचा मुख्य कोण?" मी सांगतो, "मुख्य आज बाहेर आहेत, आणि त्यांनी कार्यालय तुमच्यावर सोपवलंय." ते मुख्य चारही सत्रांत परत येत नाहीत.

निरोप्यांना गप्प ठेवण्यामागे कारण आहे. बोलता आलं असतं तर त्यांनी अर्धवट चिठ्ठीसुद्धा तोंडी सांभाळून घेतली असती. ते बोलत नाहीत म्हणून लिहिणाऱ्याला नीट लिहावं लागतं. दोनदा चिठ्ठी परत आली की तिसऱ्यांदा तेच मूल 'निळी बाटली' एवढ्यावर न थांबता 'निळी बाटली, झाकणाला तडा, तळाशी नावाची पट्टी' असं लिहितं.

तिसरी पायरी: सामान

२५ ते ३० जुन्या वस्तू गोळा करा. छत्र्या, चष्मे, किल्ल्यांचे जुडगे, बाटल्या, पिशव्या, वह्या, एखादं खेळणं. बऱ्याच वस्तू एकसारख्या दिसायला हव्यात. तीन काळ्या छत्र्या असल्या की 'माझी छत्री काळी होती' हे पुरत नाही, आणि तिथून खरं काम सुरू होतं. शिवाय क्रमांकाच्या चिठ्ठ्या, दोरा, एक जाडजूड नोंदवही, कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा, दोन पडदे किंवा आडवे केलेले बाक आणि जमिनीवर आखायला रंगीत चिकटपट्टी.

वेशभूषा नको. टोप्या, कोट, मिशा आल्या की मुलं पुन्हा पात्राकडे धावतात. प्रत्येकाच्या छातीवर कामाचं नाव लिहिलेला बिल्ला पुरे. कागद, पेन आणि सह्या मात्र खऱ्याच हव्यात.

चौथी पायरी: पहिलं सत्र, हात आणि डोळे

सुरुवात यंत्राच्या खेळानं करा. एक मूल मध्ये येऊन एकच हालचाल आणि एकच आवाज पुन्हापुन्हा करतं. दुसरं येऊन त्याला जोडणारी हालचाल सुरू करतं, मग तिसरं. असं करत सगळ्यांचं मिळून एक यंत्र होतं. अमेरिकेत शिकागोमध्ये मुलांबरोबर असे खेळ रचणाऱ्या व्हायोला स्पोलिन (१९०६–१९९४) यांनी नाट्यखेळांची जी मोठी परंपरा उभी केली, तिच्यातला हा खेळ. यंत्र चालू झालं की हळूच सांगा, "एक भाग बिघडलाय." तो भाग कुठला हे सांगू नका. कुणीतरी थांबतं, आणि त्याच्या थांबण्यानं शेजारचा अडतो. आपल्या थांबण्याचा शेजाऱ्यावर काय परिणाम होतो, हे मुलांना अंगानं कळतं. त्यावर भाषण देऊ नका.

मग वस्तूंची नोंद. मुलं जोडीनं बसतात आणि प्रत्येक जोडीला तीन वस्तू मिळतात. दुसरी कुठलीही जोडी गोंधळणार नाही असं प्रत्येक वस्तूचं वर्णन करायचं. सुरुवातीला 'जुना चष्मा' एवढंच येतं. मग एक मूल तो उजेडात धरतं आणि म्हणतं, "एक दांडी जास्त वाकलीये. हा माणूस चष्मा एकाच हातानं काढत असणार." अशा वेळी थांबा आणि सगळ्यांना तो चष्मा दाखवा. वस्तूवरून माणूस ओळखता येणं ही पुढच्या सगळ्या अभिनयाची शिदोरी आहे. या नोंदींमधूनच कार्यालयाची नोंदवही तयार होते. ती मुलांनीच लिहिलेली असल्यामुळे तिची किंमत त्यांना आपसूक कळते.

पाचवी पायरी: तुम्ही स्वतः भूमिकेत शिरा

दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला कार्यालय उघडतं. कसं उघडतं यावर पुढचं बरंच काही ठरतं. "आता तुम्ही कर्मचारी, सुरू करा" असं वर्गाबाहेरून सांगू नका. खांद्यावर एखादी पिशवी अडकवा, दारातून आत या आणि नव्यानं रुजू झालेले कर्मचारी व्हा. "नमस्कार. मला आजपासून इथे पाठवलंय. मला काहीच माहीत नाही. इथलं काम कसं चालतं, सांगाल का?" मुलं एकमेकांकडे बघतात, मग एखादं पुढे येऊन सांगायला लागतं, "हे बघा, आधी खिडकीवर चिठ्ठी भरायची..." ते समजावून सांगताना त्यालाही कामाची साखळी स्पष्ट होत जाते.

ही हीथकोटबाईंची युक्ती. शिक्षकानं भूमिका घ्यायची, पण वरच्या हुद्द्याची नाही. तुम्ही साहेब झालात तर वर्गातला शिक्षकच साहेबाच्या रूपानं परत आला. अजाण माणूस झालात तर जाणतेपण मुलांकडे जातं. पिशवी खांद्यावर असताना तुम्ही नवे कर्मचारी आणि ती उतरवली की तुम्ही ताई किंवा सर, ही खूण आधीच ठरवून घ्या आणि कधी मोडू नका. लहान मुलांना या स्पष्टपणाची फार गरज असते.

सहावी पायरी: आधी साधा दिवस चालू द्या

संकट आणायची घाई करू नका. पहिली पंधरा-वीस मिनिटं नुसतं काम चालू दे. माणूस येतो, चिठ्ठी जाते, क्रमांक सापडतो, वस्तू येते, सही होते. बाहेरून बघणाऱ्याला हे कंटाळवाणं वाटेल, पण मुलांना वाटत नाही. हा रुळलेला दिवस नसेल तर पुढे काय बिघडलं हे कुणालाच कळणार नाही.

या वेळात तुम्ही बाजूनं आवाज द्यायचा. हेही स्पोलिनबाईंकडून आलेलं. खेळ न थांबवता, मूल तुमच्याकडे वळूनही न बघता ऐकू शकेल असं एखादं छोटं वाक्य टाकायचं: "हातातलं आधी संपव." "समोरच्याचे हात बघ." "चिठ्ठी कुणाची वाट बघतेय?" 'छान!' आणि 'असं नको' हे दोन्ही टाळा. शाबासकी मिळाली की मूल कामाऐवजी तुमच्याकडे बघायला लागतं.

सातवी पायरी: अडचण

तिसऱ्या सत्रात अडचण आणा. ती एकच हवी. ती माणसांच्या चिठ्ठीतून येते: वस्तू हरवलेल्या पाच मुलांना आत येण्याआधी एकेक कागद द्यायचा. त्यावर आपण काय हरवलं, त्याबद्दल काय आठवतं आणि आत्ता आपण कसे आहोत एवढंच लिहिलेलं असतं. एखाद्याला गाडी पकडायची आहे, एखाद्याला वर्णन करताच येत नाही.

माझी नेहमीची अडचण म्हणजे एक छत्री आणि दोन माणसं. इथे एक पथ्य मी कटाक्षानं पाळतो: दोघांपैकी कुणीही खोटारडा नसतो. खोटं बोलणारा आणला की खेळ चोर-पोलीस होतो, मुलं पकडापकडी करतात आणि विचार थांबतो. म्हणून एकाच्या कागदावर असतं, 'तुमची काळी छत्री हरवली आहे, तिच्या मुठीला लाल दोरा बांधला आहे.' दुसऱ्याच्या कागदावर, 'तुमची काळी छत्री हरवली आहे. समोर दिसेल ती तुमचीच आहे असं तुम्हाला मनापासून वाटतं.' दोघंही प्रामाणिक आणि छत्री एकच. भांडारातल्या उरलेल्या दोन काळ्या छत्र्या त्या दिवसापुरत्या काढून ठेवायच्या.

एका कार्यशाळेत हे मी जवळून पाहिलं. छत्री खिडकीत आली आणि दोघांनी एकदमच हात पुढे केला. खिडकीवरचा मुलगा गांगरला. जो जास्त काकुळतीला आला होता त्याला ती देऊन टाकायच्या बेतात होता. पण एवढ्यात त्याच्या शेजारच्या मुलीनं चिठ्ठी लिहून नोंदवहीकडे पाठवली: 'दोन माणसं आहेत. काय करू?' नोंदवहीवर एक मुलगी होती. दोन सत्रांत तिचा आवाज मी जवळजवळ ऐकलाच नव्हता. तिनं नोंद वाचली, बोट ओळीवर ठेवून पुन्हा वाचली आणि बराच वेळ काहीच लिहिलं नाही. निरोप्या तिच्याजवळ थांबून होता. मग तिनं दोन ओळी लिहिल्या. खिडकीवरच्या मुलानं त्या मोठ्यानं वाचल्या: "मुठीला दोरा आहे. त्याचा रंग विचारू नका, तो का बांधलाय ते विचारा."

दोघंही गप्प झाले. ज्याच्या कागदावर दोरा होता, त्याच्याही कागदावर 'का' लिहिलेलं नव्हतं. त्यानं छत्रीकडे बघितलं आणि म्हणाला, "माझ्या भावाची अशीच छत्री आहे. आमची अदलाबदल व्हायची. म्हणून त्यानंच बांधला." दुसऱ्याचा पुढे आलेला हात हळूहळू खाली गेला. "मग ही माझी नाही," तो म्हणाला. "माझी कुठे असेल?" आणि खिडकीवरचा मुलगा, मघाशी गांगरलेला तोच, म्हणाला, "बसा काका. तुमचीही नोंद घेतो."

हे मी कुणालाही शिकवलं नव्हतं. त्या मुलीला वस्तू दिसत नव्हती आणि माणसंही दिसत नव्हती, म्हणून तिला प्रश्न शोधावा लागला. माहिती तोडून वाटण्यासाठी केलेला सगळा खटाटोप अशा एका क्षणासाठी असतो.

दुसऱ्याही काही अडचणी चालतात. वस्तू चुकीच्या माणसाकडे गेली आहे आणि खरा मालक आता आलाय. नोंदवहीच्या एका पानावर पाणी सांडलंय. एक माणूस आपण काय हरवलं ते सांगायला तयार नाही. शेवटची अडचण थोड्या मोठ्या मुलांसाठी ठेवा.

आठवी पायरी: थांबवून बघणं, आणि जागा बदलणं

अडचण ऐन रंगात असताना एकदा टाळी वाजवा. सगळे जिथे आहेत तिथे पुतळे होतात. मग वस्तू हरवलेल्या मुलांना बाहेर काढा आणि त्यांना कार्यालयातून फिरवून आणा. "कुणाला मदत हवी आहे असं तुम्हाला वाटतं? कशावरून?" 'तो घाबरलाय' एवढं पुरेसं धरू नका. खांदा वर गेलाय, पेन घट्ट धरलंय, नजर दाराकडे आहे, इतकं बारीक बघायला लावा. गोठवलेल्या चित्रातून विचार करण्याची ही रीत ब्राझीलच्या आउगुस्तो बोआल यांनी प्रौढांच्या नाटकात फार ताकदीनं वापरली. मुलांमध्येही ती सहज रुजते.

सत्र संपल्यावर चर्चा करायची ती आधी भूमिकेत राहूनच. कर्मचाऱ्यांची बैठक बोलवा: "आज कुठे काम अडलं? उद्या काय बदलायचं?" मुलं स्वतःच नियम करतात. एका गटानं ठरवलं की प्रत्येक चिठ्ठीवर लिहिणाऱ्याचं नाव हवं, म्हणजे शंका आली तर कुणाला विचारायचं ते कळेल. भूमिकेत असताना दोष कामाच्या पद्धतीला लागतो, मुलाला लागत नाही. 'तू चुकलास' ऐवजी 'चिठ्ठी अर्धवट आली' असं बोललं जातं. मग बिल्ले उतरवून दोन-चार प्रश्न बाहेरचे विचारा: "आज कुणामुळे तुझं काम सोपं झालं?" या प्रश्नाला नाव घेऊनच उत्तर द्यायचं.

दर सत्रात जागा बदला. खिडकीवरचे भांडारात, नोंदवहीचे निरोपे. पडद्यामागच्या माणसाला किती कमी दिसतं हे एकदा अनुभवलं की खिडकीवरून आवाज चढवणं बंद होतं.

मध्येच येणाऱ्या गोष्टी

हुकूम सोडणाऱ्या मुलाला निरोप्या करा. न बोलता काम पुढे न्यायचं आव्हान त्याला आवडतं, आणि त्याची उपक्रमशीलता वाया जात नाही. लाजऱ्या मुलाला खिडकीवर ढकलू नका. त्याला नोंदवही द्या, जिथे त्याच्या गप्प बसण्यालाही वजन असतं. ते स्वतः खिडकी मागेल तेव्हा द्या. हसवायला बघणाऱ्या मुलाला माणसाची भूमिका देऊन कागदावर खरीखुरी निकड लिहा. ज्याला खरोखर काहीतरी हवं असतं, तो आपसूक कमी नाटकी होतो.

एका बाबतीत सांभाळून राहा. हरवणं हा विषय कधी मुलाच्या घरातल्या एखाद्या हरवण्याला जाऊन भिडतो. कागदांवर माणसं हरवलेली नकोत, वस्तूच हव्यात. 'थांबा' हा शब्द कुणीही, केव्हाही म्हणू शकतं आणि तो म्हटला की कारण न विचारता खेळ थांबतो, हे पहिल्याच दिवशी सांगा आणि पाळा. तोतरं बोलणं, लंगडणं, कुणाच्या बोलण्याची ढब यांची नक्कल करून माणूस उभा करायचा नाही. माणूस त्याच्या गरजेतून उभा करायचा.

६-७ वर्षांच्या मुलांसाठी लिहिणं काढून टाका. चिठ्ठीवर चित्र काढू द्या आणि टप्पे तीनच ठेवा. १२ वर्षांपुढच्यांना दोन खरे नियम एकमेकांशी भिडतील अशी अडचण द्या. उदाहरणार्थ, ओळख पटवल्याशिवाय वस्तू द्यायची नाही, आणि ज्या पाकिटात ओळखपत्र आहे तेच पाकीट हरवलंय.

नववी पायरी: प्रयोग

चौथ्या सत्रात इतरांना दाखवायचं असेल तर संहिता लिहू नका. मुलांना विचारा, "तिन्ही दिवसांतले कुठले तीन क्षण लोकांनी बघायलाच हवेत?" ते तीन क्षण निवडा आणि प्रत्येकात कुणाला काय हवंय ते एका वाक्यात ठरवा. संवाद दर वेळी थोडे बदलले तरी चालतील. इच्छा आणि हातातलं काम बदलायचं नाही. अभिनयाची पद्धत घडवणारे रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्की (१८६३–१९३८) यांनीही आयुष्याच्या शेवटच्या काळात भावनेपेक्षा कृतीवर भर दिला होता. मुलांच्या बाबतीत तो फारच खरा ठरतो. 'दुःखी हो' म्हटलं की मूल चेहरा पाडतं. 'पिशवीत पुन्हा एकदा शोध' म्हटलं की बघणाऱ्याचा जीव कासावीस होतो.

प्रेक्षकांना एका बाजूला अशा कोनात बसवा की त्यांना खिडकी आणि पडद्यामागचं भांडार दोन्ही दिसेल. वस्तू सापडलीय हे प्रेक्षकांना दिसतं, पण खिडकीवरच्या माणसाला अजून कळलेलं नाही. त्या मधल्या काही क्षणांत सभागृह श्वास रोखून बसतं. मुलांना तिथे थांबायला शिकवा, घाई करू देऊ नका. प्रयोग बारा-पंधरा मिनिटांचा पुरे.

शेवटची पायरी: कार्यालय बंद करणं

प्रत्येक सत्राची शेवटची पाच मिनिटं यासाठी राखून ठेवा, मागचं कितीही लांबलेलं असलं तरी. उरलेल्या वस्तू मोजायच्या, आकडा नोंदवहीशी ताडून बघायचा, ज्यांची वस्तू सापडली नाही त्यांची नावं वेगळ्या पानावर घ्यायची आणि खाली सगळ्यांनी सह्या करायच्या. मग बिल्ला उतरवून डब्यात टाकायचा आणि चिकटपट्टीची रेघ ओलांडून बाहेर यायचं. रेघेच्या बाहेर मूल आपल्या नावाचं, आत कामाचं. पुढच्या सत्रात कार्यालय त्या वेगळ्या पानापासून उघडायचं. छत्री न मिळालेल्या काकांचं नाव तिथे असतं, आणि काढून ठेवलेल्या दोन काळ्या छत्र्या तोवर पुन्हा भांडारात आलेल्या असतात.